सावकाश सुटणारें औषध

गतवर्षीं इंदापूर तालुक्यांतील आमच्या आप्तांपैकीं एक वृद्ध गृहस्थ सकाळचें औषध घेऊन तासाभरानें गोठ्याकडे जावयास उठले, आणि उंबऱ्याशींच घेरी येऊन पडले. सुदैवानें हाड मोडलें नाहीं. पुढें चौकशी करतां असें कळलें कीं, रक्तदाबाची जी गोळी त्यांस दिवसांतून एकदां घ्यावयास सांगितली होती, ती गिळवत नाहीं म्हणून दोन दिवसांपासून वरवंट्याखालीं चुरडून मधांतून देण्यांत येत होती. गोळी तीच, तिचें माप तेंच आणि घेणाराहि तोच. परंतु जें औषध दिवसभरांत थोडें थोडें सुटावयाचें, तें घटकाभरांत एकदम रक्तांत उतरलें. घरच्या मंडळींनीं केलें तें मायेपोटींच केलें. गोळीची घडण हा औषधाचाच एक भाग असतो, ही गोष्ट त्यांस कोणीं सांगितलेली नव्हती, एवढेंच.

मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी अशा दुखण्यांचीं औषधें आतां खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांतून आलीं आहेत, आणि त्यांपैकीं अनेक औषधें या सावकाश सुटणाऱ्या जातीचीं असतात. म्हणून हीं औषधें कशीं घडवितात, तीं सावकाश कां सुटतात, आणि आपल्या उंसाशीं, गोठ्याशीं व खताच्या गोणीशीं त्यांचें काय नातें आहे, हें वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

पाळीचें पाणी व ठिबकाचें पाणी

नीरा डाव्या कालव्याचें पाणी सन १८८५ च्या सुमारास आपल्या भागांत खेळूं लागलें. त्या कालव्यावरील शेतकऱ्यास पाळीचा अनुभव सांगावयास नको. पाळी आली कीं सरी तुडुंब भरून घ्यावी लागते. त्या दिवशीं मुळ्या गुदमरतात, आणि जास्तीचें पाणी मुळांच्या खालीं झिरपून जातें. पुढें पाळी लांबली म्हणजे जमीन भेगाळते व पीक माना टाकतें. हंगामाचा हिशेब केला तर पाणी पुरेसें दिलेलें असतें. पण पिकास हवें तेव्हां तें मुळाशीं नसतें. ठिबक संच बसविणारा शेतकरी तेंच पाणी, किंबहुना त्याहून कमी पाणी, थेंबाथेंबानें देतो आणि वाफसा कायम राखतो.

औषधाचेंहि असेंच आहे. साधी गोळी पोटांत जातांच विरघळते, आणि थोड्याच वेळांत रक्तांतील औषधाचें प्रमाण चढतें. पुढें यकृत व मूत्रपिंड आपलें काम करूं लागतात आणि तें प्रमाण उतरत जातें. प्रत्येक औषधास दोन मर्यादा असतात. वरची मर्यादा ओलांडली तर अपाय होतो. खालच्या मर्यादेच्या खालीं गेलें तर गुण येत नाहीं. मधुमेहावर दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिन या औषधाचें रक्तांतील प्रमाण सुमारें सहा तासांत निम्म्यावर येतें. त्यामुळें त्याची साधी गोळी दिवसांतून दोन-तीन वेळां घ्यावी लागते. माणूस शेतावर गेला, गोळी घरीं राहिली, कीं पाळी चुकली. हें चढणें-उतरणें थांबवून औषध दोन मर्यादांच्या मध्यें स्थिर ठेवणें, हा सावकाश सुटणाऱ्या औषधाचा हेतु होय. मेटफॉर्मिनचीच सावकाश सुटणारी गोळी दिवसांतून एकदां, बहुधा रात्रीच्या जेवणाबरोबर, घेऊन भागतें.

गोळीची घडण

हें काम पॉलिमर नांवाच्या पदार्थांकडून करवून घेतात. पॉलिमर म्हणजे एकाच जातीच्या लहान कड्या एकीस एक जोडून झालेली लांब सांखळी. हा पदार्थ आपणांस अपरिचित नाहीं. कापसाचा तंतु, धान्यांतील पिठूळ अंश, बाभळीचा डिंक, रेशीम आणि रबर हे सर्व पॉलिमरच होत. कापसाच्या अगर लांकडाच्या तंतूवर रासायनिक क्रिया करून हायप्रोमेलोज नांवाची पांढरी भुकटी तयार करतात. तिच्यांत औषध मिसळून गोळी दाबली म्हणजे काय होतें, हें ज्यानें सब्जाचें बीं पाण्यांत टाकून पाहिलें आहे त्यास सहज समजेल. बियाभोंवतीं जसा बुळबुळीत थर धरतो, तसा तो गोळीभोंवतीं धरतो. पाणी त्या थरांतून हळूहळू आंत शिरतें, आणि औषध तितक्याच हळूहळू बाहेर पाझरतें. थर बाहेरून झिजत जातो व आंतून नवा बनत जातो. गोळी चुरडली म्हणजे हा थर धरावयास अवसरच मिळत नाहीं.

दुसरी रीत लेपाची. या रीतींत आपल्या देशांतील एक जुना पदार्थ उपयोगी पडला आहे, तो म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांपासून मिळणारी लाख शुद्ध करून गोळीवर चढविली, तर जठरांतील आम्लांत ती विरघळत नाहीं. पुढें आंतड्यांत आम्लता कमी झाल्यावर विरघळते. जीं औषधें आम्लानें नासतात अथवा जठरास बोंचतात, त्यांस असें कवच देतात. हल्लीं लाखेऐवजीं कारखान्यांत बनविलेले पॉलिमरच बहुधा वापरतात. पण तत्त्व तेंच आहे.

तिसरी रीत बारीक मण्यांची. सन १९५२ मध्यें अमेरिकेंत स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीनें एका पोकळ कॅप्सूलमध्यें शेंकडों बारीक मणी भरून तें औषध बाजारांत आणलें. कांहीं मण्यांवर पातळ लेप, कांहींवर जाड. पातळ लेपाचे मणी आधीं फुटत, जाड लेपाचे मागाहून. एकाच शेतांत हळवें, निमगरवें व गरवें वाण पेरून पीक टप्प्याटप्प्यानें हातीं घ्यावें, तशीच ही युक्ति होती.

दह्यांतील आम्लापासून औषधाचे कण

पोटांतून जाणारी गोळी कितीहि सावकाश सुटली तरी एक-दोन दिवसांत शरीराबाहेर जाते. महिना-दोन महिने पुरेल असें औषध द्यावयाचें तर तें टोंचून मांसांत अगर कातडीखालीं ठेवावें लागतें, आणि मग असा प्रश्न उभा राहतो कीं, औषध संपल्यावर मागें राहिलेल्या कवचाचें काय करावयाचें? सन १९६४ मध्यें ज्यूडा फोकमन या अमेरिकन शस्त्रवैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यानें दाखवून दिलें कीं, सिलिकोन रबराच्या नळींत भरलेलें औषध तिच्या भिंतींतून सावकाश पाझरतें. सन १९७६ मध्यें रॉबर्ट लँगर व फोकमन यांनीं प्रथिनांसारखे मोठे रेणूहि पॉलिमरमधून दीर्घकाळ सोडतां येतात, हें सिद्ध केलें. परंतु रबर शरीरांत जिरत नाहीं. काम झालें कीं तें पुन्हां काढावें लागतें.

या अडचणीवर जो तोडगा निघाला, त्याचें मूळ आपल्या विरजणाच्या भांड्यांत आहे. दूध आंबतें तें ज्या आम्लामुळें, तें लॅक्टिक आम्ल, म्हणजे दुग्धाम्ल, शेले नांवाच्या स्वीडिश रसायनज्ञानें सन १७८० मध्यें आंबलेल्या दुधांतून वेगळें केलें. या आम्लाचे रेणु एकीस एक जोडून लांब सांखळी केली कीं तिचा कठीण पॉलिमर होतो. त्यांत ग्लायकॉलिक नांवाचें दुसरें आम्ल मिसळून जो संयुक्त पॉलिमर बनतो, त्याचा विशेष असा कीं शरीरांतील पाणीच त्याची एकेक कडी सोडवतें. शेवटीं उरतात तीं मूळचीं दोन आम्लें. तीं शरीर आपल्या नेहमींच्या व्यवहारांत जिरवून टाकतें, आणि त्यांचा वायु व पाणी होऊन निघून जातें. शस्त्रक्रियेनंतर न काढतां आपोआप विरणारे टांके याच जातीच्या धाग्यांचे असतात.

या पॉलिमरचे कण करण्याची एक रीत ताक घुसळण्यासारखी आहे. पॉलिमर व औषध हीं दोन्ही उडून जाणाऱ्या एका द्रावकांत विरघळवितात, आणि तें द्रावण पाण्यांत ओतून जोरानें घुसळतात. पाण्यांत न मिसळणाऱ्या त्या द्रावणाचे बारीक थेंब होतात. थेंब एकमेकांस चिकटूं नयेत म्हणून पाण्यांत दुसरा एक पदार्थ घातलेला असतो. द्रावक उडून गेला कीं प्रत्येक थेंबाच्या जागीं एक घट्ट गोल कण उरतो, आणि त्याच्या अंगांत औषध कोंडलेलें असतें. टोंचावयाचे कण बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढे, म्हणजे मैद्याच्या कणांच्या जातीचे असतात. घुसळण्याचा वेग वाढविला तर कण बारीक होतात, आणि बारीक कणांतून औषध लवकर सुटतें. दोन आम्लें निम्मेनिम घेतलीं तर कण सर्वांत लवकर, सामान्यतः एक-दोन महिन्यांत, विरतो. दुग्धाम्लाचा वांटा वाढविला तर त्याहून अधिक काळ टिकतो. जमीन पाहून ठिबकाच्या तोट्यांचें अंतर व सुटीचें मान ठरवावें, तसें रोग पाहून हें प्रमाण ठरवितात.

या तत्त्वावरील एक प्रसिद्ध औषध सन १९८९ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर ल्यूप्रोलाइड नांवाचें औषध पूर्वीं रोज टोंचावें लागे. कणांत कोंडल्यावर तें महिन्यांतून एकदां टोंचून भागूं लागलें. पुढें मनोविकारांवरील एक औषध अशाच कणांतून दोन आठवड्यांनीं एकदां देण्याची सोय सन २००३ मध्यें तेथें झाली. ज्या रोग्यास रोज गोळी देतांना घरच्यांची ओढाताण होते, त्याच्या कुटुंबास ही सोय केवढी मोलाची, हें निराळें सांगावयास नको.

या रीतींत दोषहि आहेत. कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेलें औषध पहिल्याच दिवशीं एकदम सुटतें. तें आंवरण्यासाठीं संशोधकांस फार खटपट करावी लागते. दुसरें असें कीं, टोंचलेले कण परत काढतां येत नाहींत. औषध मानवलें नाहीं तर गोळी उद्यां बंद करतां येते. महिन्याचें औषध अंगांत गेलें तें गेलेंच. म्हणून असें औषध देण्यापूर्वीं त्याचीच साधी मात्रा देऊन तें सोसतें कीं नाहीं, हें पुष्कळदां पाहतात. आणि कण बनविण्याचें काम निर्जंतुक स्थितींत अतिशय काटेकोरपणें करावें लागत असल्यानें किंमतहि भारी पडते.

पॉलिमरच्या या विद्येचा अभ्यास आपल्या जिल्ह्यांतहि झालेला आहे. पुण्यांतील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सन १९५० मध्यें सुरू झाली. गोमंतकांतील माशेल येथें जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर सन १९८९ पासून १९९५ पर्यंत तिचे संचालक होते. पॉलिमर पाण्यानें कसे फुगतात व त्यांतून दुसरे पदार्थ कसे पाझरतात, हा त्यांच्या संशोधनाचा एक विषय होता. पाणी शोषून धरणारा ‘जलशक्ति’ नांवाचा पॉलिमर याच प्रयोगशाळेंत शेतीसाठीं तयार झाला. जो पदार्थ मुळाशीं पाणी धरून ठेवतो आणि जो पोटांत औषध धरून ठेवतो, ते दोघे एकाच शास्त्राचीं लेंकरें आहेत.

उंसाचा संबंध

आतां माळेगांव, सोमेश्वरनगर व भवानीनगर या कारखान्यांच्या सभासदांस साहजिकच प्रश्न पडेल कीं, यांत आपला लाभ कोणता? दुग्धाम्ल हल्लीं दुधापासून करीत नाहींत. साखरेच्या अगर पिठूळ द्रव्यांच्या द्रावणांत जंतू सोडून आंबवणानें करतात. थायलंडांत उंसाच्या साखरेपासून हा पॉलिमर वर्षाला ७५ हजार टन बनविण्याच्या शक्तीचा कारखाना सन २०१८ मध्यें सुरू झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीनें सन २०२४ मध्यें जेजुरी येथें त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. जेजुरी आपल्यापासून किती अंतरावर आहे, हें खंडोबाच्या भक्तांस विचारावयास नको.

परंतु औषधाच्या भरंवशावर उंसाच्या भावाचीं स्वप्नें रचूं नयेत. वर सांगितलेल्या महिन्याच्या इंजेक्शनांत पॉलिमर सुमारें ६६ मिलिग्रॅम असतो. म्हणजे एक किलो पॉलिमर पंधरा हजार इंजेक्शनांस पुरतो. एक टन उंसापासून सुमारें शंभर किलो साखर धरली, आणि त्या साखरेपासून पाऊणशें किलो पॉलिमर निघाला असें कागदावर मानलें, तर एका टनांत दहा लाखांहून अधिक इंजेक्शनें होतील! साऱ्या जगाची औषधाची गरज भागवावयास एका गांवाचा ऊंसहि पुरून उरेल. उंसास खप मिळालाच तर तो या पॉलिमरच्या पिशव्या, पेले व वेष्टनें यांतून मिळेल, आणि तोहि खनिज तेलाच्या प्लॅस्टिकशीं किंमतींत टक्कर देतां आली तर. औषधांतून आपणांस मिळावयाचें तें आरोग्य, पैसा नव्हे.

गोठ्यांत व शेतांत

याच तत्त्वाचा उपयोग गोठ्यांतहि होतो. जी गाय अगर म्हैस माजावर येत नाहीं, तिच्या योनिमार्गांत पशुवैद्य प्रोजेस्टेरॉन संप्रेरक मुरविलेलें सिलिकोन रबराचें साधन कांहीं दिवस ठेवतात. रबरांतून संप्रेरक सावकाश पाझरतें. साधन काढून घेतल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत जनावर माजावर येतें. खर्च वांचविण्यासाठीं हें साधन कापून दोन जनावरांस वापरणें, अगर ठरल्या दिवसाआधीं ओढून काढणें, म्हणजे साराच खटाटोप पाण्यांत घालणें होय.

खताच्या बाबतींत सन २०१५ पासून आपल्या देशांत युरियास निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. हा लेप कवचाचें काम थोडें करतो. त्याचें मुख्य काम जमिनींतील जे जंतू अमोनियाचें नायट्रेट करतात त्यांस मंदावणें हें आहे. गंधकाच्या लेपाच्या युरियास सन २०२३ मध्यें सरकारनें मान्यता दिली. त्याचा लेप मात्र खरोखरीच कवचासारखा आहे. असा युरिया पिंपांत ढवळून विरघळविणें म्हणजे लेपाचे पैसे देऊन लेप धुऊन टाकणें होय. पॉलिमरचा लेप असलेलीं खतें परदेशांत पुष्कळ वर्षें वापरांत आहेत. परंतु त्यांचीं रिकामीं टरफलें मातींत व पाण्यांत सांचून राहतात, म्हणून न विरणाऱ्या लेपांवर युरोपीय संघानें निर्बंध घातले असून ते सन २०२८ पासून खतांस लागू व्हावयाचे आहेत. काम संपल्यावर कवचानें नाहींसें व्हावें, ही अट शरीराइतकीच जमिनीसहि लागू आहे.

घरांत पाळावयाचे नियम

१. औषधाच्या नांवापुढें एस. आर., ई. आर., एक्स. आर., एक्स. एल., सी. आर. अशीं इंग्रजी अक्षरें असतील तर ती गोळी सावकाश सुटणारी समजावी. ती चुरडूं नये, चावूं नये, पाण्यांत विरघळवूं नये. अक्षरें नसलीं तरी गोळी फोडण्यापूर्वीं विचारावें. कारण सर्वच औषधांवर तीं छापलेलीं असतात असें नाहीं.

२. गोळीवर मधोमध खांच असेल तर कांहीं जातींच्या गोळ्या खांचेवर मोडून अर्धी घेतां येते. परंतु ती अर्धीहि चुरडावयाची नसते. हें डॉक्टर अगर औषधविक्रेता यांस विचारूनच करावें.

३. वृद्धांस गिळवत नसेल तर तसें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. त्याच औषधाची साधी गोळी लहान मात्रेंत दोन-तीन वेळां देतां येते, अगर पातळ औषध मिळतें. उपाय असतो, पण न सांगतां तो सुचविणार कोण?

४. एक वेळ गोळी चुकली तर दुसऱ्या वेळीं दोन घेऊं नयेत. चुकलेल्या पाळीचें पाणी दुप्पट देऊन भरून काढल्यास पिकाचें जें होतें, तेंच शरीराचें होतें.

५. अशा औषधांबरोबर मद्य सर्वथा वर्ज्य मानावें. मद्यानें कांहीं गोळ्यांची घडण मोडते व औषध एकदम सुटतें. या कारणास्तव एक वेदनाशामक औषध सन २००५ मध्यें अमेरिकेंतील बाजारांतून काढून घ्यावें लागलें.

६. शौचांत गोळीचें मऊ टरफल अखंड दिसलें तर घाबरूं नये, आणि औषध लागू पडलें नाहीं असें समजून दुसरी गोळी घेऊं नये. आंतील औषध निघून गेल्यावर कांहीं गोळ्यांचें रिकामें टरफल तसेंच बाहेर पडतें.

आरंभीं ज्या गृहस्थांची हकीकत दिली, त्यांस आतां डॉक्टरांनीं दुसरी साधी गोळी दिली असून ते पूर्ववत् धारा काढतात. त्यांच्या सुनेनें घरांतील सर्व औषधांच्या पट्ट्या एकदां औषधविक्रेत्याकडे नेऊन, ज्या चुरडावयाच्या नाहींत त्यांवर लाल खूण करून आणली. या कामास अर्धा तास लागला व खर्च कांहींच आला नाहीं. पुढील बाजाराच्या दिवशीं वाचकांनींहि आपल्या फडताळांतील पट्ट्या बरोबर न्याव्या, एवढीच विनंति आहे.